खाडाखोड

वही तपासायला घेतली की माझी नजर आधी खाडाखोडीकडे जाते. 'ही गो' असं लिहून 'गो'वर काट मारलेली असते, वर बारीक अक्षरात 'गोज' असतं, मग त्या 'गोज'वरही काट आणि शेजारी, जागा पुरत नाही म्हणून तिरपं, 'वेन्ट'. बोटभर जागेत त्या मुलाच्या डोक्यात काय काय होऊन गेलं ते वाचता येतं. आधी त्याला कर्ता एकवचनी आहे हे आठवलं. मग वाक्याच्या तोंडाशी आपणच 'यस्टरडे' लिहून बसलोय हे दिसलं. उत्तर बरोबर आलं की चुकलं, हा त्यानंतरचा प्रश्न. माझ्या लाल पेनाचं काम त्याने स्वतःच दोनदा करून टाकलेलं असतं.

हल्ली माझ्याकडे येणारं इंग्रजी लिखाण बहुतेक पडद्यावरून येतं आणि ते विलक्षण स्वच्छ असतं. काट नाही, बाण नाही, रबराने घासून घासून कागद फाटायला आलेला नाही. इंग्रजीच्या शिक्षिकेला याचा आनंद व्हायला हवा. सुरुवातीला झालाही. मग कधीतरी जाणवलं की वाक्य दारात येऊन उभं राहिलेलं मला दिसतंय, पण ते कुठून आलं, वाटेत कुठे ठेचकाळलं, याचा काही पत्ता लागत नाही. आणि शिकवायचं असतं ते नेमकं त्या वाटेवर.

मी फोनविरोधी नाही. माझ्या वर्गात फोन जितका चालतो तितका शेजारच्या वर्गात चालत नाही आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली आहेत. हे सगळं सुरू झालं ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून.

ग्रुप काढला तेव्हा डोक्यात फार मोठं काही नव्हतं. गृहपाठ कळवायचा, कुणी गैरहजर असेल तर त्याला पानं पाठवायची, आणि जमलं तर मुलांनी एकमेकांशी इंग्रजीत दोन शब्द बोलावेत. 'इथे फक्त इंग्रजीत लिहायचं' असा एकच नियम मी वर टाचून ठेवला. पहिल्या आठवड्यात सूर्योदयाची चित्रं आली, सुविचार आले, अंगठे आले. मुलांनी स्वतः जुळवलेली इंग्रजी वाक्यं मोजली तर ती चौघांचीच होती, आणि ते चौघे वर्गातही हात वर करणारेच होते. बाकीचे वाचत होते. दोन निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं.

मला हे अपयश वाटलं. पुढे संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांचं 2006 मधलं एक निरीक्षण वाचनात आलं : इंटरनेटवरच्या बहुतेक समूहांत साधारण 90 टक्के माणसं नुसती वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का माणसं सगळा गलका करतात. म्हणजे माझा ग्रुप जगरहाटीला धरूनच होता. शिवाय भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत या गप्प बसण्याला आणखी एक अर्थ असतो. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी ज्याला 'सायलेंट पीरियड', म्हणजे मौनाचा काळ, म्हटलं तो हा. लहान मूल बोलायला लागण्याआधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं, आणि त्या काळात त्याला काही येत नाही असं कुठलीही आई म्हणत नाही. नव्या भाषेतल्या मोठ्या मुलाला मात्र आपण तिसऱ्याच दिवशी उभं करून म्हणतो, बोल.

हे सगळं ठाऊक असूनही मी एका संध्याकाळी माती खाल्ली.

कधीच न लिहिणारी एक मुलगी होती. मागच्या बाकावरची, वर्गात नाव घेतलं की आधी मान खाली जायची. तिने त्या संध्याकाळी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं : 'आय हॅव लॉस्ट माय बुक यस्टरडे. मे आय सीट विथ समवन?' मी हातातलं काम टाकून उत्तर दिलं. उत्तर कसलं, दुरुस्ती. 'आय लॉस्ट' हवं, 'यस्टरडे' असताना 'हॅव' येत नाही. आणि 'सीट' म्हणजे बसायची जागा, बसणे या क्रियापदाचं स्पेलिंग वेगळं. वर एक हसरा चेहरा टाकला, म्हणजे मला काही फार राग आलेला नाही हे कळावं. दोन मिनिटांत त्या दुरुस्तीखाली कुणीतरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा चेहरा टाकला. मग आणखी एक. थोड्या वेळाने बघते तो तिचा मेसेज नव्हता. त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी करडी ओळ होती आणि तिच्या खाली माझी दुरुस्ती लटकत होती. प्रश्नच नसलेलं उत्तर.

तिच्याशेजारी कुणी बसू शकतं का, याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

वर्गात मी असं हजारदा केलं असेल. पण वर्गातलं बोलणं हवेत विरतं. घंटा झाली की कोण काय म्हणालं ते अर्धं विसरलेलं असतं. ग्रुपवरची चूक तारीखवेळेसकट राहते, वर सरकवून पुन्हा बघता येते, तिचं छायाचित्र काढून दुसऱ्या ग्रुपवर धाडता येतं. त्या दिवशी मी कुणालाही न ओरडता, हसरा चेहरा टाकून, तिला भर चौकात उभं केलं होतं. पुढचे दोन महिने तिने ग्रुपवर काहीही लिहिलं नाही.

आणखी एका गोष्टीची बोच होती. तिची चूक मला ओळखता यायला हवी होती, कारण ती चूक मराठीची आहे. 'काल माझं पुस्तक हरवलंय' हे वाक्य आपण रोज बोलतो. 'काल' आणि 'आहे' आपल्याकडे सुखाने एका वाक्यात नांदतात. इंग्रजी त्यांना एकत्र बसू देत नाही. म्हणजे तिने आपल्या भाषेचा एक नियम इमानाने पलीकडे नेला होता. एस. पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने 1967 मध्येच सांगून ठेवलंय की शिकणाऱ्याच्या चुकांमध्ये व्यवस्था असते. बोलण्याच्या ओघात घसरलेली जीभ वेगळी आणि शिकणाऱ्याने मनाशी बांधलेल्या नियमातून आलेली चूक वेगळी. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये त्या मधल्या मुक्कामाला 'इंटरलँग्वेज' असं नावही दिलं. मातृभाषाही नाही आणि इंग्रजीही नाही, अशी शिकणाऱ्याची स्वतःची, रोज थोडी बदलणारी भाषा. मी त्या भाषेतलं एक अगदी तर्कशुद्ध वाक्य कचरा म्हणून उचललं होतं.

दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. आणि लिहिलेला नाही, बोललेला. चौदा सेकंदांचा. दिलेल्या चित्राचं वर्णन करायचं होतं. तिने तीन वाक्यं सांगितली, मध्ये एकदा श्वास घेतला, आणि शेवटी हळूच म्हणाली, 'मॅडम, धिस इज माय सेव्हन्थ टाइम.'

सातव्यांदा. म्हणजे आधीची सहा ध्वनिमुद्रणं तिने ऐकून पुसली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज विचारलं, पाठवण्याआधी किती वेळा रेकॉर्ड करता? कुणी तीन म्हणालं, कुणी पाच. एका मुलाने बारा सांगितले आणि सगळे हसले, पण हसण्यात आपलंही तसंच असतं याची कबुली होती. मी मनात हिशेब मांडला. वर्गात एकच वाक्य बारा वेळा म्हण असं सांगितलं असतं तर तो पोरगा दुसऱ्या दिवशी आला नसता.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शिक्षकांच्या थांबण्याचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरं लांब होतात, आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. ते विज्ञानाचे वर्ग होते, मुलं आपल्याच भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत तर आधी अर्थ जुळवायचा, मग शब्द शोधायचा, मग त्याचा काळ, मग तो जिभेवर आणायचा. आणि समोर मी, खडू हातात घेऊन, एक सेकंद. फोन घड्याळाकडे बघत नाही. फोनच्या भुवया वर जात नाहीत.

तसं पाहिलं तर 1960च्या सुमाराला जागोजागी भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्याही याचसाठी. लाकडी कप्पे, कानावर हेडफोन, टेपवर एक वाक्य, मग तुमचं तेच वाक्य. सराव भरपूर व्हायचा. पण ते वाक्य टेपचं होतं, आणि तुम्ही ते म्हटलंत काय, न म्हटलंत काय, कुणाचं काही अडत नव्हतं. सातव्यांदा रेकॉर्ड करणाऱ्या मुलीचं वाक्य तिचं होतं आणि पलीकडे ऐकणारं एक माणूस होतं. माझ्या मते फरक पडतो तो इथे. त्याच प्रयोगशाळा आता भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपच्या रूपात चकचकीत पडद्यांवर परत येताना मला दिसतात. एक घुबड किंवा तारा टाळ्या वाजवतो, 'सलग 200 दिवस' अशी पताका झळकते, आणि 200 दिवस पुरे केलेला मुलगा समोरच्याला 'तुझं नाव काय' यापलीकडे एकही प्रश्न विचारू शकत नाही. शब्द पाठ करायला ही साधनं उत्तम आहेत, ते मी नाकारत नाही. विसरायला लागण्याच्या बेतात असताना उजळणी करायची, ही युक्ती हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या 1885 मधल्या स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांपासून चालत आलेली आहे आणि ती खरंच काम करते. मी स्वतः वापरते. पण ती गोदाम भरते, दुकान उघडत नाही.

दुरुस्तीची पद्धत मी तेव्हापासून बदलली. ग्रुपवर कुणी 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' लिहिलं तर मी लिहिते, 'ओह, यू हॅव टू ब्रदर्स! ओल्डर ऑर यंगर?' म्हणजे बोलणं पुढे जातं आणि बरोबर रूपही जाता जाता कानावर पडतं. शिक्षक लोक हे तोंडीही करतातच. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांचा, म्हणजे जिथे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात अशा वर्गांचा, अभ्यास छापला, त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त याच प्रकारच्या होत्या. गंमत अशी की मुलांनी आपली चूक सुधारण्याचं प्रमाण याच प्रकारात सगळ्यात कमी होतं. साहजिक आहे. मुलाला वाटतं, मॅडम माझ्या भावांबद्दल बोलतायत. तो म्हणतो, 'ओल्डर', आणि संपलं.

पडद्यावर मात्र एक छोटा चमत्कार होतो. त्याचं वाक्य वर असतं, माझं खाली असतं, आणि दोन्ही तिथेच राहतात. रात्री पुन्हा बघताना एखाद्याच्या डोळ्याला 'हॅविंग' आणि 'हॅव' यांतला फरक बोचतो. भाषावैज्ञानिक रिचर्ड श्मिट यांनी 1990 मध्ये मांडलेलं म्हणणं हेच होतं की जे लक्षात येतं तेच शिकलं जातं. ते स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत असताना रोजनिशी लिहीत होते, आणि आजूबाजूच्या बोलण्यातली जी रूपं त्यांच्या ध्यानात आली होती तीच पुढे त्यांच्या जिभेवर आलेली त्यांना आढळली. कानावर तर सगळंच पडत होतं. मेसेज उडून जात नाही, या ज्या गोष्टीने त्या मुलीला छळलं होतं तीच गोष्ट इथे कामाला आली. फक्त मी 'चूक' हा शब्द उच्चारायचं थांबवलं.

उच्चारांसाठी मी मुलांना फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीला जुंपलं. तुम्ही बोला, तो लिहील. जे लिहिलं गेलं ते वाचा. हा आरसा निर्दय आहे. 'शीप' म्हणून मेंढीबद्दल बोलावं तर पडद्यावर जहाज उमटतं. आपण मराठी माणसं ह्रस्वदीर्घ लिहिताना भांडतो, बोलताना फारसं पाळत नाही, आणि इंग्रजीत या दोन स्वरांमध्ये लांबीबरोबर जिभेची जागाही बदलते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चं तर विचारूच नका. आपल्या एका 'व'त दोघांना कोंबलंय. पश्चिम दिशा आणि अंगात घालायचा बनियन आपल्या तोंडून सारखेच बाहेर पडतात. एका मुलाने खालचा ओठ दाताखाली धरून आणि मग ओठांचा चंबू करून तब्बल अर्धा तास ते दोन शब्द फोनला ऐकवले. मी तसं करायला सांगितलं असतं तर लाजला असता.

पण हा आरसा थोडा लबाडही आहे. पूर्ण वाक्य बोललं की फोन मागचा-पुढचा संदर्भ बघून अंदाज बांधतो आणि चुकीच्या उच्चारालाही बरोबर शब्द लिहून देतो. मुलं खूश. उलट कधी स्वच्छ उच्चारलेला शब्दही त्याला कळत नाही, कारण ज्या आवाजांवर तो शिकला त्यात आपल्यासारखे आवाज थोडे असतात. त्यामुळे मला मुलांना दोन्ही बाजूंनी सांगावं लागतं की फोनला कळलं म्हणजे माणसाला कळेलच असं नाही, आणि फोनला कळलं नाही म्हणून खचायचं कारण नाही.

यंत्राच्या अशा चुकांवर आमचा एक आवडता तास चालतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली यंत्राने आपोआप लिहिलेल्या ओळी, म्हणजे कॅप्शन, येतात. 2009 पासून ही सोय आहे आणि आता बरीच सुधारली आहे, तरी नावं, वाक्यांचे तुकडे, गर्दीतलं बोलणं यांत ती अजून घसरते. मी दोन मिनिटांचा तुकडा निवडते आणि मुलांना म्हणते, यंत्राच्या चुका शोधा. 'रेकग्नाइझ स्पीच' हे झरझर बोललं की 'रेक अ नाइस बीच' ऐकू येतं, हे जुनं उदाहरण फळ्यावर लिहिलं की त्यांचे डोळे चमकतात. जन्मभर ज्यांच्या वह्या लाल झाल्या ती मुलं लाल पेन हातात घेऊन दुसऱ्याची वही तपासत असतात. हे जुनं शुद्धलेखनच आहे, पण त्यांना कोणी तसं सांगितलेलं नाही.

व्हिडिओचा वेग कमी करायची सोयही त्यांनीच शोधून काढली. त्यात एक मौज कळली. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे वाक्य बोलणारा माणूस ओघात 'व्हॉट्या गना डू' असं काहीतरी म्हणतो. वेग पाऊणपट केला तरी ते 'व्हॉट्याऽ गनाऽ डूऽ' असंच येतं. गिळलेले ध्वनी परत येत नाहीत, कारण ते मुळात उच्चारलेच गेलेले नसतात. इंग्रजी हिसका देत चालते. एका शब्दावर जोर आला की आजूबाजूचे स्वर सुकून जातात. आपली मराठी तशी प्रत्येक अक्षराला त्याचं माप देते. हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल, पण कळलं ते वेग कमी केल्यावर.

सगळ्या जगाला दिसेल असं काही मी मुलांना टाकू देत नाही. बहुतेक समाजमाध्यमांची किमान वयाची अट 13 वर्षांची आहे, आणि ती पार केली तरी एखाद्या मुलाचं अडखळतं इंग्रजी कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा मला नाही. एकदाच, आई-वडिलांना विचारून, माझ्या खात्यावरून, आम्ही सगळ्यांनी मिळून एका पक्षीविषयक व्हिडिओखाली प्रश्न लिहिला होता. चार ओळींना अख्खा तास लागला. 'द बर्ड' की 'अ बर्ड' यावर अशी झुंबड उडाली की मला बोलायला जागा मिळेना. मराठीत आर्टिकल नाही. आमच्याकडे तो विषय म्हणजे रिकाम्या जागेत काहीतरी ठोकून देणे. त्या दिवशी पहिल्यांदा तो कुणाला तरी महत्त्वाचा वाटला, कारण पलीकडचा परका माणूस ते वाचणार होता. उत्तर आलं नाही. मुलं आठवडाभर विचारत राहिली.

मग 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी आलं, आणि काही महिन्यांत 'माय मदर' या निबंधांचं रूप पालटलं. एका मुलाची आई 'टॅपेस्ट्री' झाली. दुसऱ्याचीही झाली. टॅपेस्ट्री म्हणजे विणून काढलेलं भिंतीवरचं चित्र, पण अर्थ विचारला तर एकालाही सांगता येईना. व्याकरण निर्दोष, परिच्छेद रेखीव, आणि शेवटी प्रत्येक आई एकाच सुरात प्रेरणास्थान. मला राग आला असं म्हणवत नाही. वर्षानुवर्षं मीच तर फळ्यावर नमुना निबंध लिहून उतरवून घ्यायला सांगत होते. त्यांनी फक्त चांगला फळा शोधला होता.

पण संशयाची खोड लागली ती लागलीच. एक मुलगा, एरवी जेमतेम लिहिणारा, त्याचा निबंध फारच बरा आला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, 'हे तूच लिहिलंस?' तो काही बोलला नाही. माझ्या हातात निबंध तपासून 'यंत्राचा' किंवा 'माणसाचा' असा निकाल देणारं एक साधन होतं आणि त्याने यंत्राचा म्हणून सांगितलं होतं. त्या साधनांची लायकी मला नंतर कळली. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं इंग्रजी परभाषा असलेल्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या 91 निबंधांवर चालवून पाहिली. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राच्या नावावर टाकले. कारण साधं आहे : ज्याच्याकडे शब्द थोडे त्याची वाक्यं अंदाजाबरहुकूम चालतात, आणि यंत्राचीही तशीच चालतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं.

त्या मुलाने निबंध गूगल डॉक्समध्ये लिहिला होता. मी त्याचा आवृत्त्यांचा इतिहास, म्हणजे लिहिताना केलेले बदल साठवून ठेवणारी नोंद, उघडला. आणि पडद्यावर, इतक्या दिवसांनी, खाडाखोड दिसली. आदल्या रात्री साधारण पाऊण तास तो त्या पानाशी झटत होता. 'मदर इज गेट अप' होतं, ते 'मदर गेट अप' झालं, मग एस लागला. एक अख्खा परिच्छेद वर नेला, परत खाली आणला. सगळं त्याचंच होतं.

खाली सरकत गेले तर मध्येच एक वाक्य होतं : 'शी डज नॉट लाफ मच.' ती फारशी हसत नाही. काही मिनिटांनी ते पुसून त्याने लिहिलं होतं, 'माय मदर इज व्हेरी हार्डवर्किंग.' तेच पक्क्या प्रतीत राहिलं.

'डज' बरोबर, त्यापुढे 'लाफ'ला एस नाही, 'मच' जागच्या जागी. वर्षभर ज्यावर डोकं आपटलं ते सगळं त्या पाच शब्दांत बरोबर जमलं होतं. पूर्ण निबंधात याहून चांगलं वाक्य नव्हतं, आणि त्याची शाबासकी मला देता येत नव्हती, कारण त्याने ते मला दाखवलेलंच नव्हतं. वहीतली काट दोघांनाही माहीत असते. मुलगा वही देतो तेव्हा खाडाखोडीसकट देतो. हे मी दार न ठोठावता आत शिरून वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली, निबंधाबद्दलच्या संशयाची. त्या वाक्याबद्दल काही बोलले नाही. अजूनही बोललेले नाही.

आता निबंध देताना मी एक जास्तीची मागणी करते. पक्क्या प्रतीखाली, लिहिताना खोडलेलं एक वाक्य लिहायचं आणि ते का खोडलं ते एका ओळीत सांगायचं. कुठलं दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. यंत्राची मदत घेतली असेल तर तेही चालेल. त्याने सुचवलेलं आणि तुम्ही नाकारलेलं वाक्य द्या. आवृत्त्यांचा इतिहास मी आता विचारल्याशिवाय उघडत नाही.

पहिल्या खेपेला थापा आल्या, ते धरूनच चालले होते. मग हळूहळू खरं यायला लागलं. 'स्पेलिंग येत नव्हतं.' 'बेंचवरचा मित्र हसला.' 'हे चॅटजीपीटीने दिलं होतं, पण माझी आजी अशी बोलत नाही.' या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. खोडण्याचं ते कारण मराठीत लिहिलेलं होतं. फक्त इंग्रजीत लिहायचा नियम मी तेवढ्यापुरता सैल ठेवला आहे.

सातव्यांदा रेकॉर्ड करणारी ती मुलगी आता पुढच्या वर्गात आहे, ग्रुपमध्ये नाही. परवा तिचा निरोप आला, पुन्हा बोललेलाच. कुठल्याशा स्पर्धेत इंग्रजीतून दोन मिनिटं बोलायचं होतं, त्याची तालीम. मध्ये एका ठिकाणी ती 'आय हॅव' म्हणाली, थबकली, 'नो, नो, आय लॉस्ट' म्हणाली आणि पुढे गेली. पुसून पुन्हा करायला तिच्याकडे भरपूर वेळ होता. तिने ते तसंच पाठवलं होतं.

मी उत्तर रेकॉर्ड केलं. ऐकलं, तर माझाच आवाज फळ्यासमोरचा वाटला. पुसलं. दुसऱ्यांदा 'व्हेरी गुड' असं काहीतरी भलतंच पटकन बोलून गेले. तेही पुसलं. आता फोन समोर ठेवून बसले आहे, काय म्हणायचं ते ठरतंय.